घिसाडघाई: घिसाडी कोण आणि त्याला घाई कसली?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने वर्तमानपत्राच्या एका कात्रणाचा फोटो टाकला. मथळ्यात 'घिसाडघाई' हा शब्द होता आणि खाली त्याचा प्रश्न: "काका, घाई कळली. घिसाड म्हणजे काय?"

पोरगा पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला माहीत नसणं साहजिकच. पण ग्रुपवरच्या आम्हा थोरामोठ्यांची उत्तरं बघण्यासारखी होती. आत्याच्या मते हा हिंदी 'घिसापिटा'चा भाऊ. धाकट्या मावशीने 'घसरण्या'शी नातं जोडलं, घाईत माणूस घसरतो म्हणून. एका मामांनी नुसता अंगठा दाखवला. अधिवेशनात गोंधळात मंजूर झालेलं विधेयक असो, निवडणुकीच्या तोंडावर उरकलेलं उद्घाटन असो की पहिल्या पावसात उखडलेला रस्ता, बातमीत हा शब्द हमखास येतो. अर्थ सगळ्यांना अंदाजाने ठाऊक असतो. त्यातला माणूस मात्र कुणाला दिसत नाही.

आधी शब्द उघडून बघू

फोड सरळ आहे. घिसाडी अधिक घाई. जोडताना 'घिसाडी'तली शेवटची 'ई' गळली. मराठीत असं नेहमी होतं. पाणी आणि पोई मिळून पाणपोई होते, घोडा आणि चूक मिळून घोडचूक. तशीच ही घिसाडघाई.

घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून लोहारकाम करणारा माणूस. गावातला लोहार बारा बलुतेदारांपैकी, त्याचं घर आणि भट्टी गावातच. घिसाडी फिरता. गाडीत संसार, गाडीतच ऐरण, भाता, घण आणि सांडशी. गावाच्या कडेला पाल ठोकायचं, जमिनीत खळगा करून भट्टी पेटवायची आणि विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते, पळ्या, झारे घडवून द्यायचे. काम संपलं की पुढचं गाव. या समाजाचे लोक आपलं मूळ राजस्थान-गुजरातकडचं सांगतात आणि घरात गुजरातीच्या वळणाची बोली बोलतात. महाराष्ट्र सरकारच्या यादीत घिसाडी भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात आहेत. ('घिसाडी' या नावाचा संबंध काही जण घिसण्याशी, घासण्याशी लावतात. तेव्हा आत्या अगदीच चुकली असं नाही, पण आपला शब्द आला तो या माणसाकडून.)

घाई कसली, याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, फिरस्त्याचं काम म्हणून ओबडधोबड: आज इथे, उद्या तिथे, उरकून मोकळा. दुसरं, लोखंड तापलेलं आहे तोवरच घाव घालावे लागतात, म्हणून त्याच्या भट्टीपाशी सतत धांदल. मला दुसरं पटतं. कारण ते मी पाहिलंय.

भट्टीपाशी दोन मिनिटं

लहानपणी वैशाखात, पेरणीच्या आधी, आमच्या गावच्या ओढ्याकाठी घिसाड्यांची दोन-तीन पालं पडायची. आजी मोडकी खुरपी गोळा करून मला घेऊन जायची. माणूस उकिडवा बसलेला, डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात लहान हातोडी. समोर त्याची बायको, पदर कमरेला खोचून, हातात घण. पोरगं भात्यावर.

निखाऱ्यातून लोखंड बाहेर आलं की दोघांचं बोलणं बंद. त्याने लहान हातोडीने टिंग करून जागा दाखवायची आणि पुढच्याच क्षणी तिथेच तिचा घण. टिंग-धाड, टिंग-धाड. एक घाव वाकडा गेला तर त्याची बोटं जायची, पण जात नसत. आजी मध्येच म्हणाली, "अगं, दोन खुरप्यांचं काय घेशील ते आधी सांग." बाईने वर न बघता उत्तर दिलं, "थांब माय, लोखंड निवतंय."

या 'निवतंय'मध्ये सगळं आलं. पोलाद घडवायचं तर ते साधारण ८०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं लागतं. ते मोजायला घिसाड्याकडे यंत्र नसतं, तो रंग बघतो. पिवळट-नारिंगी म्हणजे घाव घाला, काळपट लाल व्हायला लागलं की परत निखाऱ्यात. जाड पहारीला थोडी सवड मिळते, पण विळ्याचं पातळ पातं बाहेर काढल्यापासून काही सेकंदांत रंग बदलतं. निवलेल्या पोलादावर घण घातला तर ते वळत नाही, त्याला चीर जाते. म्हणून धावपळ.

पण याच भट्टीपाशी थांबणंही असतं, आणि ते आपल्या शब्दात उतरलेलं नाही. पातं घडून झालं की 'पाणी द्यायचं'. पातं परत लाल करून धारेची बाजू पाण्यात बुडवायची. त्याने धार कठीण होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मग तिला पुन्हा हलका शेक द्यायचा आणि घासून उजळ केलेल्या जागेवर रंग चढताना बघत राहायचं. गवती पिवळा येतो तो दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या जवळ. कोणत्या हत्याराला कोणत्या रंगावर थांबवायचं हे ठरलेलं. इथे घाई केली तर विळा पहिल्याच फेरीत दाते पडून परत येतो. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसाला लावतो, तो इथलाच. 'प्रश्न ऐरणीवर आला' हाही. भट्टीकडून मराठीने बरंच उचललंय, घिसाड्याच्या वाट्याला मात्र नेमकी घाई आली.

मग आपण घिसाडघाई कशाला म्हणतो?

लवकर केलेल्या प्रत्येक कामाला नाही. पिठलं दहा मिनिटांत होतं. त्याला कुणी घिसाडघाई म्हणत नाही, कारण पिठल्याला लागतातच दहा मिनिटं. पुरण मात्र दहा मिनिटांत करून बघा. हरभऱ्याची डाळ भिजायला हवी, बोटाने दाबली की फुटेल इतकी शिजायला हवी, कट काढायला हवा, गूळ घालून आटवताना पुरणात उलथणं उभं राहायला हवं, मग ते यंत्रातून काढायचं. यातलं भिजवणं गाळलं तर डाळ कचकचीत राहते, आटवणं गाळलं तर पोळी लाटताना फुटते. पाहुणे आल्यावर पोळीच्या जागी ताटात लगदा येतो तो यामुळे.

माझ्या मते घिसाडघाईची खूण हीच. काम वेगाने झालं की नाही हे दुय्यम. वेळ वाचवण्यासाठी एखादी पायरी गाळली का, हे आधी बघायचं. आणि गाळलेली पायरी बहुतेक वेळा थांबण्याची असते: भिजवणं, सुकू देणं, वाचून बघणं, विचारणं, तपासणं. थांबण्याच्या पायरीत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, त्यामुळे घाईत पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते.

स्लॅबची गोष्ट

आमच्या गावच्या घराचा स्लॅब पडला एप्रिलमध्ये. (पडला म्हणजे ओतला. बांधकामावरच्या मराठीत स्लॅब 'पडतो', त्याने घाबरू नये.) अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरलेली. ठेकेदार म्हणाला, "दादा, काळजी नको, चार दिवसांत सेंट्रिंग काढतो, लगेच प्लॅस्टरला हात घालू." (सेंट्रिंग म्हणजे ओल्या स्लॅबला खालून धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि टेकू.) आम्हालाही तेच हवं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

बहुतेकांना वाटतं काँक्रीट सुकून घट्ट होतं, कपडे वाळतात तसं. उलट आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून घट्टपणा येतो. पाणी उडून गेलं की क्रिया अर्धवट थांबते. म्हणून स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळतात. काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ हे भारतीय मानक आहे. त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल हवी, कोरड्या कडक उन्हाळ्यात १०. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ व्या दिवशी. सातव्या दिवशी त्यातली ढोबळमानाने दोन-तृतीयांश आलेली असते.

आमचे टेकू पाचव्या दिवशी निघाले. पाणी मारायला ठेवलेला पोरगा दुपारी झोपायचा. वास्तुशांत थाटात झाली, फोटो छान आले. जुलैत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल उतरली, आणि ती अजून दर जुलैत उतरते. दुरुस्तीला जो खर्च झाला त्यात एक लहानशी खोली निघाली असती.

घिसाडघाईचा दुसरा गुण इथे दिसतो. वाचलेला वेळ एकाच्या खिशात जातो आणि भुर्दंड दुसऱ्याला पडतो, तोही नंतर. ठेकेदाराचे काही दिवस वाचले. ओल आमच्या आईच्या डोक्यावर.

"पण वेळच नव्हता हो!"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. कधीकधी खराच असतो.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. आठ वाजता घोषणा झाली, मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद. चलनात असलेल्या रकमेचा सुमारे ८६ टक्के भाग या दोन नोटांत होता. निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही वाद होतात, तो वाद इथे नको. एकच बारकी गोष्ट बघू. दोन हजारांची नवी नोट आली ती ६६ मिलिमीटर रुंद आणि १६६ मिलिमीटर लांब, जुन्या हजाराच्या नोटेपेक्षा लहान. एटीएममधले नोटांचे कप्पे जुन्या मापाचे. त्यामुळे देशभरातल्या दोन लाखांहून अधिक यंत्रांपाशी माणूस जाऊन कप्पे आणि मांडणी बदलल्याशिवाय ती नोट बाहेर येईना. रांगा आठवत असतीलच.

निर्णयाच्या बाजूचे लोक म्हणतात, गुप्तता पाळायची तर यंत्रं आधी कशी बदलणार? बातमी फुटली असती. मुद्दा बरोबर आहे. पण नोट जुन्याच मापाची काढली असती तर गुप्तताही राहिली असती आणि कप्पेही चालले असते. म्हणजे 'वेळ नव्हता' हे उत्तर आलं की त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न काढावा: वेळ नव्हता हे माहीत होतं, तर मग त्यातल्या त्यात सोपी वाट का धरली नाही?

आणि खरोखरच वेळ नसतो तेव्हा काय करतात? त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, तातडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या डोक्यावर आधी पत्र्याची तात्पुरती शेड आली. पक्की घरं पुढच्या काही वर्षांत उभी राहिली. पत्र्याची शेड ही तातडी. तिला कुणी कायमचं घर म्हणालं नाही, आणि पक्क्या घरांची मोजणी, जागा, बांधणी त्या आठवड्यात उरकली नाही. तात्पुरत्याला तात्पुरतं म्हणायची हिंमत असली की तातडीची घिसाडघाई होत नाही.

पाट्या टाकणं, लगबग, हलगर्जीपणा: हे तेच का?

शेजारी आहेत, सख्खे नाहीत.

लग्नघरी लगबग असते, तिच्यात आनंद असतो. धांदल होते तेव्हा माणूस गोंधळतो, पण काम बिघडतंच असं नाही. धांदरटपणा हा स्वभाव झाला, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा. उतावळेपणात अजून काम सुरूच झालेलं नसतं, उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधलेलं असतं इतकंच. थातुरमातुर म्हणजे वरवर दिसेल इतकंच केलेलं, मग ते भराभर असो की रेंगाळत.

'पाट्या टाकणे' मला या सगळ्यांत आवडतं. मातीच्या पाट्या मोजून टाकायच्या आणि मजुरी घ्यायची, बांध होतोय का ओढा बुजतोय याच्याशी देणंघेणं नाही. पाट्या टाकणाऱ्याला घाई नसते. तो पाच वाजण्याची वाट बघत असतो. घिसाडघाई करणाऱ्याला मात्र काम लवकर संपायला हवं असतं, उद्याच कुणीतरी फीत कापायला येणार असतं. 'वेठ मारणे' तिसरंच: काम मनाविरुद्ध गळ्यात पडलंय, वेठबिगारीसारखं, म्हणून कसंतरी निभावायचं. तिघांचंही काम बिघडलेलंच, पण दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पाट्या टाकणाऱ्यावर मुदत लादली की तो घिसाडघाई करतो, एवढाच फरक पडतो. कार्यालयांत हा प्रयोग रोज चालतो.

हलगर्जीपणा, हयगय आणि निष्काळजीपणा मात्र जपून वापरावेत, कारण ते पोलिसी कागदावर जाऊन बसलेत. अपघाताच्या फिर्यादीत 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून' ही ओळ ठरलेली. निष्काळजीपणाच्या कृत्याने कुणाचा मृत्यू झाला तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १०६ खाली ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत गेली. घिसाडघाई हा गुन्हा नाही, पण ती गुन्ह्यापर्यंत नेऊ शकते. घाटातल्या पाट्या 'अति घाई, संकटात नेई' म्हणतात ते यालाच. सरकारी निर्णयांच्या बाबतीतही एखादी फाइल अवाजवी वेगाने पळाली तर न्यायालयं हेतूबद्दल प्रश्न विचारतात. एरवी टेबलावर वर्षभर झोपणारी फाइल एका दुपारी चार सह्या घेऊन आली की शंका कुणालाही यावी.

वाक्यात कशी बसते?

शब्द स्त्रीलिंगी. घिसाडघाई करतात, होते, नडते, अंगाशी येते. 'घिसाडघाईने घेतलेला निर्णय' किंवा 'घिसाडघाईचा निर्णय' दोन्ही चालतात. लिहिताना 'घिसडघाई', 'घिसाडगाई' अशी रूपं दिसतात, ती चूक. हा शब्द आपण सहसा दुसऱ्याच्या कामाला लावतो, हेही नोंदवायला हवं. विरोधी पक्षात असताना जी घिसाडघाई असते, ती सत्तेत आल्यावर 'गतिमान कारभार' होते. स्वतःच्या कामाला माणूस फार तर 'जरा घाईत झालं' म्हणतो.

शब्द वापरावा की नाही?

पुतण्याला एवढं सगळं लिहून पाठवल्यावर त्याचा खरा प्रश्न आला: "म्हणजे हा शब्द एका समाजाच्या नावावरून वाईट कामाला दिलाय. मग वापरायचा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फिरत्या समाजांची नावं गावात बसलेल्यांनी हिणवायला वापरली, आजही वापरतात. 'काय वडाऱ्यासारखा ओरडतोस' किंवा 'कैकाड्यागत भांडू नको' म्हणणाऱ्या माणसाला समोर ते ऐकून दुखावलं जाणारं कुणीतरी बसलेलं असू शकतं याची जाणीव नसते. घिसाडघाई त्याच घरातली, फक्त तिच्यातलं नाव आता इतकं झिजलंय की बोलणाऱ्याला ते ऐकूच येत नाही. कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते त्या नावाच्या माणसाला ऐकू येतं तेव्हा. वर्गात घिसाडी आडनावाचं किंवा समाजाचं पोर बसलंय आणि गुरुजी फळ्यावर 'घिसाडघाई: निष्काळजीपणे केलेली घाई' असा अर्थ लिहून देतायत, हे चित्र मला सुखाचं वाटत नाही.

शब्द पुसून टाकावा इतक्या टोकाला मी जाणार नाही. कोशात तो राहणारच, बातमीतूनही लगेच जाणार नाही. मी स्वतः लिहिताना आता 'घाईगर्दी', 'उरकाउरकी', 'आततायी घाई' यांतलं जे बसेल ते घेतो. आणि शिकवायचा झाला तर अर्थाआधी ती भट्टी सांगावी असं मला वाटतं.

मागच्या महिन्यात सोलापूर रस्त्याच्या कडेला एक पाल दिसलं. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा होता, गाडी बैलांची नव्हती, टेम्पो होता. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे तुकडे रचून ठेवलेले, आताचे कोयते त्याचेच होतात. मी गाडी थांबवली, एक कोयता सांगितला आणि म्हणालो, "मला पुढे जायचंय, अर्ध्या तासात मिळेल का?"

त्याने माझ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घडवून देतो अर्ध्या तासात. पण पाणी दिल्याशिवाय न्यायचा असला तर दुसरीकडे बघा, साहेब. परत येताना घेऊन जा."

संध्याकाळी परत येताना घेऊन गेलो.